इकोत 'एलव्हीएच' आलं, आबांना त्रास काहीच नाही. मग गोळी कशासाठी?

प्रश्न थोडक्यात असा: आबा ५६ वर्षांचे, पारोळा तालुक्यात कपाशी आणि मका करतात. सात-आठ वर्षांपासून बीपी आहे, गोळी मनात आलं की घेतात. हर्नियाच्या ऑपरेशनआधी तपासणीत बीपी १६८/९८ निघालं, ईसीजीवर शंका आली म्हणून टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केला. रिपोर्टमध्ये 'कॉन्सेंट्रिक एलव्हीएच, ग्रेड वन डायस्टोलिक डिसफंक्शन, ईएफ ६० टक्के' असं लिहिलंय. दोन खालच्या कप्प्यांमधला पडदा १३ मिलिमीटर, मागची भिंत १२, डावा कप्पा ४४. आबा म्हणतात, "माले काहीच तरास नही, मंग गोयी कसाले?" गावातला एक जण म्हणतो हृदय मोठं झालंय, अँजिओग्राफी करा. दुसरा म्हणतो ईएफ चांगला आहे, सोडून द्या. भिंत पुन्हा पातळ होते का? शेतात जाऊ द्यायचं का? आणि ऑपरेशनचं काय?

आबांचं ते वाक्य मी माझ्या ओपीडीत आठवड्यातून तीन-चार वेळा ऐकतो. ते खरं बोलताहेत, हे आधी मान्य करू. त्यांना त्रास नाहीच. एलव्हीएच म्हणजे हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याची भिंत जाड होणं. त्याचा त्रास वर्षानुवर्षं जाणवत नाही आणि म्हणूनच माणूस गोळी सोडतो. पण शरीराने जे सांगितलं नाही ते इकोने सांगितलंय: गेल्या सात-आठ वर्षांत आबांचं बीपी बहुतेक काळ चढलेलंच होतं. दवाखान्यातला आकडा त्या एका मिनिटाचा असतो. भिंतीची जाडी हा सगळ्या वर्षांचा हिशेब असतो, रात्री झोपेतल्या बीपीसकट.

हे होतं कसं ते आबांना त्यांच्याच कामातून समजावून सांगा. पाठीवरचा फवारणीचा पंप त्यांनी आयुष्यभर चालवलाय. नोझल चोक झालं की दांडा दाबायला जास्त जोर लागतो, संध्याकाळी दंड भरून येतो. हृदयाचा डावा खालचा कप्पा दिवसाला साधारण एक लाख वेळा दांडा दाबतो. पुढच्या रक्तवाहिन्या आवळलेल्या असल्या, दाब १२० ऐवजी १७० असला, तर प्रत्येक ठोक्याला तेवढा जास्त जोर लागतो. मग तिथला स्नायू जाड होतो. नव्या पेशी तयार होत नाहीत, आहे तीच पेशी फुगते. सुरुवातीला हा हृदयाचा स्वतःचा बचाव असतो, कारण भिंत जाड झाली की तोच दाब जास्त स्नायूवर वाटला जातो आणि एकेका धाग्यावरचा ताण उतरतो.

मग बिघडतं कुठे? दंडाचा स्नायू व्यायामाने वाढतो तेव्हा त्याला मध्ये विश्रांती मिळते, रक्तपुरवठाही सोबत वाढतो. बीपीच्या हृदयाला सुट्टी नाही. पेशी जाड होतात पण बारीक रक्तवाहिन्या त्या प्रमाणात वाढत नाहीत. शिवाय अँजिओटेन्सिन आणि अल्डोस्टेरॉन या संप्रेरकांच्या मार्‍याने पेशींच्या मधल्या जागेत चिवट तंतू साचत जातात. दाब आणि ही संप्रेरकं, दोघं मिळून भिंत जाडही करतात आणि ताठही. 'हृदयाला मसल आलाय म्हणजे हृदय मजबूत झालं' असं कोणी आबांना सांगितलं असेल तर तो गैरसमज आजच काढून टाका.

आता तुमच्या रिपोर्टमधले आकडे. पुरुषाच्या डाव्या कप्प्याची भिंत साधारण ६ ते १० मिलिमीटर असते, बाईची ६ ते ९. आबांची १३ आणि १२ आहे. आतली जागा ४४ मिलिमीटर, म्हणजे ती वाढलेली नाही. या तीन आकड्यांवरून सूत्राने हृदयाच्या त्या भागाचं वजन काढता येतं. मी कागदावर काढलं तर ते सुमारे २०३ ग्रॅम येतं. आबांची उंची-वजन तुम्ही लिहिलेलं नाही. साधारण १६५ सेंटिमीटर आणि ६२ किलो धरलं, तर शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला १२० ग्रॅम पडतात. पुरुषांसाठी मर्यादा ११५ आहे, बायकांसाठी ९५. म्हणजे वाढ आहे, पण सौम्य. 'कॉन्सेंट्रिक' याचा अर्थ भिंत चहूबाजूंनी सारखी जाड झाली, पोकळी मात्र फुगली नाही. म्हणून गावातल्या पहिल्या माणसाचं 'हृदय मोठं झालं' हे बोलणं बरोबर नाही. हृदय फुगून मोठं होणं ही वेगळी आणि बहुधा पुढची अवस्था असते. आबा तिथे पोचलेले नाहीत.

'ग्रेड वन डायस्टोलिक डिसफंक्शन' वाचून घरचे सगळ्यात जास्त घाबरतात. त्याचा अर्थ, ठोका मारून झाल्यावर भिंत सैल पडायला जरा वेळ घेते. साठीच्या आसपास बर्‍याच माणसांच्या इकोत एवढं दिसतं, त्यावर वेगळी गोळी नसते. पण गावातल्या दुसर्‍या माणसाची चूक नेमकी इथेच आहे. ईएफ फक्त एवढं सांगतो की भरलेल्यापैकी किती रक्त बाहेर फेकलं. कप्पा भरताना किती अडतोय, हे ईएफ सांगत नाही. ताठ भिंतीचं हृदय सावकाश चालतं तोवर भरून घेतं. माणूस चढावर चालला, नाडी ११०-१२० वर गेली, की दोन ठोक्यांमधला भरायचा वेळ कमी पडतो, दाब मागे फुप्फुसात चढतो आणि धाप लागते. ईएफ ६० असताना फुप्फुसात पाणी होऊन रात्री दोन वाजता उशांवर टेकून बसलेले पेशंट मी पुष्कळ पाहिलेत. बहुतेकांकडे आधीचा एक जुना इको असतो आणि त्यावर 'एलव्हीएच' लिहिलेलं असतं.

दुसरा धोका नाडीचा. ताठ कप्प्यात रक्त ढकलून ढकलून वरचा डावा कप्पा ताणला जातो, त्यातून नाडी अनियमित होते, आत गुठळी धरते आणि ती मेंदूत गेली की लकवा. अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम गावाच्या लोकांचा १९४८ पासून पाठपुरावा चालू आहे. त्यातूनच १९९० साली स्पष्ट झालं की इकोवर हृदयाचं वजन जितकं जास्त, तितके पुढे हृदयविकार आणि मृत्यू जास्त, आणि हे बीपीचा आकडा हिशेबात धरल्यानंतरही. म्हणून 'काही त्रास नाही' या एका कारणावर मी एलव्हीएचच्या पेशंटची गोळी बंद करत नाही. केली तर तो माझा दोष ठरेल.

अँजिओग्राफीबद्दल. केवळ भिंत जाड आहे म्हणून अँजिओग्राफी करायची नसते. एलव्हीएचमुळे ईसीजीत काही लाटा उलट्या दिसतात आणि त्या ब्लॉकेजसारख्या वाटू शकतात. ट्रेडमिल टेस्टही अशा माणसात खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. आबांना चालताना छातीत दाबल्यासारखं होतं का, जबडा किंवा डावा हात भरून येतो का, हे नीट विचारा. 'छातीत दुखतं का' असं विचाराल तर ते नाहीच म्हणतील. शेतातून घरी येताना पूर्वी कुठेही थांबत नव्हते आणि आता नाल्याच्या चढावर थांबतात का, असं विचारा. तसं असेल तर तपास वेगळा.

भिंत बीपीमुळेच जाड झाली का, हेही एकदा पक्कं करावं. महाधमनीची झडप अरुंद असली तरी असंच होतं, पण ते इकोत दिसतं. काही घराण्यांत स्नायूच आनुवंशिक दोषामुळे जाड होतो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे तिशीचा एक सडपातळ मुलगा आला होता, बीपी जेमतेम १४२ आणि पडदा १९ मिलिमीटर. एवढ्या बीपीला एवढी जाडी शोभत नाही. विचारल्यावर कळलं, त्याचे काका तरुणपणी शेतात बसल्या जागी गेले होते. तो आजार आनुवंशिक निघाला आणि त्याच्या दोन्ही भावांचे इको करावे लागले. १५ मिलिमीटरच्या वर आकडा गेला की मी हा विचार करतोच. नंदुरबारकडून, धडगाव-अक्कलकुव्यातून पेशंट येतात तेव्हा सिकलसेल आणि रक्तक्षय आधी पाहतो. त्यातही हृदयाचं वजन वाढतं, पण तिथे भिंतीपेक्षा कप्पा मोठा होतो. आबांचं बीपी, वय आणि १३ हा आकडा, तिन्ही एकमेकांशी जुळतात. तरी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी), पोटॅशियम, लघवीतलं प्रोटीन आणि साखर एकदा करून घ्या. बीपी हृदयावर खूण करतं तेव्हा बर्‍याचदा किडनीवरही करतं.

इथे माझी एक चूक सांगतो, कारण तुमच्याही घरात तेच होऊ शकतं. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या काळात एक शाळामास्तर दर महिन्याला यायचे. बीपी दर वेळी १३४, १३६. मी समाधानी. चार वर्षांनी दुसर्‍या कारणाने इको झाला, पडदा १४. मला कोडं पडलं. मग त्यांच्या बायकोने पिशवीतून गोळ्यांची पाकिटं काढून टेबलावर ठेवली. तीन महिन्यांच्या गोळ्या तशाच होत्या. मास्तर फक्त दवाखान्याच्या आदल्या रात्री आणि त्या सकाळी गोळी घ्यायचे, डॉक्टरांना वाईट वाटू नये म्हणून. मी चार वर्षं आकडा पाहत होतो, पाकीट एकदाही पाहिलं नव्हतं. तेव्हापासून रिकामी पाकिटं आणल्याशिवाय मी पुढची चिठ्ठी लिहीत नाही.

भिंत पातळ होते का? होते. हे मला ठासून सांगायचंय, कारण बहुतेक लोकांना वाटतं की हृदय एकदा बिघडलं ते बिघडलं. बीपी सतत ताब्यात राहिलं तर स्नायूची सूज सहा महिन्यांपासून उतरायला लागते आणि दोन-तीन वर्षं उतरत राहते. मधले चिवट तंतू मात्र हळू आणि अर्धवटच जातात, म्हणून लवकर सुरुवात केलेल्याचा फायदा जास्त. कोणत्या गोळीने किती उतरते याचा ८० चाचण्यांचा एकत्र आढावा २००३ मध्ये आला होता. हृदयाचं वजन टेल्मिसार्टन-लोसार्टनच्या गटाने सरासरी १३ टक्के उतरलं, अॅम्लोडिपिनच्या गटाने ११, एनालाप्रिल-रॅमिप्रिलच्या गटाने १०, लघवीच्या गोळ्यांनी ८ आणि अॅटेनोलॉलसारख्या बीटा ब्लॉकरने ६. आधी, २००२ मध्ये, नऊ हजारांवर एलव्हीएचच्या पेशंटवर लोसार्टन आणि अॅटेनोलॉल यांची तुलना झाली. बीपी दोन्हीकडे जवळपास सारखंच उतरलं, पण लकवा लोसार्टनच्या बाजूला कमी झाला.

म्हणून एलव्हीएच दिसलं की मी सहसा टेल्मिसार्टनच्या गटातली गोळी आणि अॅम्लोडिपिन एकत्र, शक्यतो एकाच गोळीत देतो. आबा नुसतं अॅटेनोलॉल घेत असतील आणि त्याला हार्ट अटॅक किंवा अनियमित नाडीसारखं दुसरं कारण नसेल, तर डॉक्टरांशी बोला. मात्र ती गोळी मनाने एकदम बंद करू नका, बीपी आणि नाडी उसळतात. नावावरून मेडिकलमधून गोळी आणू नका. टेल्मिसार्टनच्या आधी किडनी आणि पोटॅशियम पाहावं लागतं. महागाईचा प्रश्न असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपीच्या मूळ गोळ्या मोफत मिळतात, त्यांना कमी समजू नका.

लक्ष्य घरच्या मापात १३० / ८० च्या खाली. दंडाचं मशीन घ्या, मनगटाचं नको. पाच मिनिटं गप्प बसवा, पाठ टेकलेली, हात टेबलावर छातीच्या उंचीला. त्याआधी अर्धा तास चहा, बिडी, तंबाखूचा बार काही नाही. गोळी घेण्याआधी सकाळी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा, असं आठवडाभर वहीत लिहा. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा.

इको दर तीन महिन्यांनी करू नका. तोच माणूस, तेच मशीन असलं तरी एक मिलिमीटरचा फरक हाताच्या कोनामुळे पडतो. १३ चे १२ झाले म्हणून पेढे नकोत आणि १२ चे १३ झाले म्हणून रडारड नको. वर्षा-दीड वर्षाने, जमलं तर त्याच ठिकाणी पुन्हा करा.

मिठाबद्दल आपल्या खान्देशात बोलणं अवघड आहे, तरी बोलतो. माणशी दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर, हीच मर्यादा. घरात पाच माणसं असतील तर एक किलोची मिठाची पिशवी चाळीस दिवस पुरली पाहिजे. तुमच्याकडे किती दिवसांत संपते ते आईला विचारा. बहुतेक घरांत उत्तर वीस-पंचवीस दिवस येतं. आणि त्यात शेवभाजीतली शेव, लोणचं, बाजारचं फरसाण धरलेलंच नाही. उन्हाळ्यात गच्चीवर वाळणारे बिबडे, कुरडया आणि पापड यांत मीठ असतंच, पापडखारातला सोडियमही वर येतो. मी कोणाला शेवभाजी आयुष्यभर सोडायला सांगत नाही. भाकरीच्या पिठातलं मीठ बंद करा, ठेच्यात निम्मं करा, ताटात वरून मीठ घेणं थांबवा आणि पापड रोज नको. भरीत-भाकरी अळणी लागते असं पहिले तीन आठवडे म्हणतील, मग जिभेला सवय होते.

मिठाइतकीच वाईट गोष्ट म्हणजे दुखण्याच्या गोळ्या. कपाशी वेचून कंबर धरली की डायक्लोफेनॅक, गुडघा धरला की इंजेक्शन, कुठली तरी पुडी. या गोळ्या बीपी चढवतात, टेल्मिसार्टनची धार बोथट करतात आणि किडनीवर ताण टाकतात. अनोळखी पुडीत तर स्टिरॉइडही निघतं. आबांची पिशवी रिकामी करून पाहा.

केळीचा प्रश्न आमच्याकडे, यावल-रावेरच्या पट्ट्यात, हमखास येतो. केळ्यात पोटॅशियम असतं आणि ते बीपीला चांगलं. किडनी ठीक असेल तर टेल्मिसार्टनसोबत दिवसाला एक केळं खायला हरकत नाही. क्रिएटिनिन वाढलेलं असेल किंवा स्पायरोनोलॅक्टोन ही पोटॅशियम वाढवणारी लघवीची गोळी चालू असेल तर मात्र केळी आणि कमी सोडियमवालं मीठ, दोन्ही डॉक्टरांना विचारूनच. त्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं.

आणखी एक गोष्ट पुस्तकात ठळक लिहिलेली नसते पण भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात दर वर्षी दिसते. पारा ४४-४५ वर जातो, घामाने अंगातलं पाणी कमी होतं, बीपी आपोआप उतरतं आणि वरून लघवीची गोळी चालू असते. ताठ भिंतीच्या हृदयाला पुरेसं रक्त भरलं नाही की ते लगेच कमी फेकतं. अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास पुरणपोळी-आमरस जेवून उठलेला माणूस ओसरीवर चक्कर येऊन पडतो, तो यामुळे. उन्हाळ्याच्या तोंडाशी आणि पुन्हा थंडीच्या सुरुवातीला बीपी दाखवून डोस ठरवून घ्या. मनाने गोळी बंद करून पावसाळ्यात पुन्हा सुरू करणं हे त्यावरचं उत्तर नाही.

शेतात जाऊ द्या. घरात बसवलं तर वजन वाढेल आणि मन खचेल. चालणं, निंदणी, पाणी भरणं सगळं चालेल. खताची पन्नास किलोची गोणी श्वास रोखून उचलणं मात्र बंद. त्या क्षणी बीपी प्रचंड चढतं आणि हर्नियालाही ते घातकच. धाप बसल्या जागी लागली, रात्री झोपेतून श्वासासाठी उठावं लागलं, शुद्ध हरपली, छाती जड होऊन घाम आला, तोंड वाकडं झालं किंवा हात लुळा पडला, तर घरी बीपी मोजत बसू नका, थेट मोठ्या दवाखान्यात न्या.

ऑपरेशन होऊ शकतं. आतड्याची अडकण झालेली नसेल तर घाई नाही. पाच-सहा आठवडे नीट गोळ्या घेऊन बीपी १४० च्या आसपास आणलेलं मला जास्त बरं वाटतं, पण १६० / १०० च्या खाली असेल तर सहसा ऑपरेशन अडत नाही. भूल देणार्‍या डॉक्टरांना इकोचा कागद स्वतः हातात द्या, 'बीपी आहे' एवढंच सांगू नका. भिंत ताठ आहे हे माहीत असलं की ते सलाईनचा वेग आणि बीपी त्या हिशेबाने सांभाळतात. अॅम्लोडिपिन ऑपरेशनच्या सकाळीही घोटभर पाण्यासोबत घ्यायची असते. टेल्मिसार्टन बर्‍याचदा आदल्या दिवशी थांबवतात, नाहीतर भुलेत बीपी फार पडतं, ते त्यांनाच विचारा. आणि थांबवली तर परत कोणत्या दिवशी सुरू करायची, हे सुट्टीच्या कार्डावर लिहून घ्या. टाके काढायला आणाल तेव्हा रिकामी पाकिटं आणि बीपीची वही सोबत असू द्या.